नसीमबानोच्या टाक्याचं पोतं

कापसाच्या तेजीत अमरावतीतले सगळेच एकमेकांवर जळत होते. त्या काळात नुसत्या जळकेपणासाठी एखाद्या बाईचं नाव गावभर व्हावं, हे सोपं काम नव्हतं. नसीमबानोचं झालं. तेवढ्यावरून तिची योग्यता ओळखावी.

तिकडे अमेरिकेत गोरे गोऱ्यांशी लढत होते आणि इकडे वऱ्हाडातल्या कापसाला कधी नव्हे ती किंमत आली होती. काल शेणाच्या पाट्या उचलणारा आज बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या घालून बाजारात येई. गावभर रुई उडे. न्हाव्याच्या वस्तऱ्यावर रुई, ताटातल्या वरणात रुई. कुणाच्या दारी घोडा आला, कुणाच्या घरी झोपाळ्याला पितळी कड्या आल्या, की शेजारची चूल त्या दिवशी उशिरा पेटे.

आमची आई गोदाबाई नागपुरी गेटाच्या आत राहायची, नसीमबानोच्या भिंतीला भिंत लावून. पुढे जे सांगतो ते सगळं तिच्याकडून आलेलं आहे, आणि आईनं आयुष्यात कुठलीही गोष्ट कमी करून सांगितली नाही, हे आधीच सांगून ठेवतो. नसीमबानोच्या घरात बोली वेगळी होती, पण आई गोष्टीत सगळ्यांना वऱ्हाडीतच बोलायला लावायची. तेव्हा मीही तसंच लावतो.

तेजीच्या पहिल्याच साली आईनं नथ केली. नसीमबानोनं ती मागून घेतली, तळहातावर तोलली आणि परत देताना म्हणाली, "चांगली आहे वो गोदाबाई. हलकी आहे हे बरं केलं. नाकाले भार नाई." त्या दिवशी आईला जेवण गेलं नाही. पुढे आमच्या शेळीला जुळी करडं झाली आणि नसीमबानोच्या शेळीला एकच, तेव्हा तिनं आपल्या शेळीशी अबोला धरला. चारा घाली, पण तोंड फिरवून.

बाई मूळची अकोल्याची, कलईवाल्याची मुलगी. बापाच्या भात्याशी बसून कथील, नवसागर आणि विस्तव यांच्यात वाढली. लग्नानंतर अमरावतीला आल्यावर गल्लीतल्या भांड्यांना तीच अंगणात बसून कलई करी, आणि अशी करी की बायका पातेल्यात पाहून भांग सरळ करत. भांड्याचं पोट पाहिलं की घरातलं सगळं कळतं, असं ती म्हणायची. शिवणही नेटकं. तिच्या आईनं शिकवलेला एक टाका होता, माशाच्या काट्यासारखा दोन्ही बाजूंना फुटत जाणारा, आणि तो ती निळ्याच दोऱ्यानं घाली. तिच्या घरातलं फाटकं गोणपाटसुद्धा त्यावरून ओळखू येई.

तिचा नवरा गयासुद्दीन. उंच, मिशाळ, आवाज भरदार. कँपात साहेब लोकांचं एक लॉज होतं, म्हणजे फ्रीमेसन नावाच्या गुप्त मंडळींचं बैठकघर. चार-दोन साहेब, पलटणीचा डॉक्टर आणि कापसाचा व्यापार करणारा एक पारशी, दोराबजी शेठ, असे तिथे जमत आणि एकमेकांना भाऊ म्हणत. दारं-खिडक्या लावून आत काय चाले ते कुणाला ठाऊक नव्हतं, म्हणून गावानं त्याला जादूघर म्हणायला सुरुवात केली. गयासुद्दीन त्या जादूघराचा दरवान. बैठक असली की बंद दाराबाहेर उघडी तलवार घेऊन उभा राही.

गावात काय काय बोलत. नव्या माणसाला आत तिरडीवर निजवून गुपिताची शपथ देतात म्हणे. प्रत्येकाची तसबीर भिंतीवर लावलेली असते, आणि जो आतलं बाहेर सांगेल त्याच्या तसबिरीच्या गळ्याला मोठा साहेब टाचणी टोचतो. मग तो माणूस असेल तिथे रक्त ओकून मरतो.

खरं म्हणजे गयासुद्दीनची ना तसबीर होती ना शपथ. तो पगारी माणूस, दाराबाहेरचा. आतून त्याला खुर्च्या सरकल्याचे आवाज तेवढे ऐकू येत. पण ही अफवा घरात किती उपयोगाची आहे, हे त्याच्या लवकरच ध्यानात आलं.

"काल उशीर काहून झाला?"

"शपथ आहे, बानो."

"तूप आणाचं होतं ना तुमाले?"

गयासुद्दीन छताकडे पाही, मिशीवरून हात फिरवी आणि हळू म्हणे, "विचारू नको. शपथ आहे."

आणि नसीमबानो खरंच गप्प बसे. तिला भीती वाटे, आणि आतून अभिमानही वाटे. गल्लीतल्या कुणाच्या नवऱ्याची तसबीर साहेबाच्या भिंतीवर होती? इतर बायकांना जळायला तिच्याकडे हा एकच दागिना होता आणि तो ती जपून वापरी.

आता लॉजच्या दानधर्माचं. बैठक संपली की आत एक मखमली पिशवी फिरे. प्रत्येकानं तिच्यात मूठ घालायची, कुणी किती टाकलं ते कुणी पाहायचं नाही. त्यातून अडल्यानडल्या घराला मदत जाई, आणि देणाऱ्याचं नाव नाही आणि घेणाऱ्याचंही नाव नाही, असा त्यांचा कायदा. त्या साली वली नावाचा गाडीवान दोराबजी शेठचा कापूस घेऊन अकोल्याकडे निघाला होता. रेल्वे अजून यायची होती, सगळा कापूस गाड्यांवर. मूर्तिजापूरच्या अलीकडे नाल्याच्या उतारावर गाडी उलटली आणि वली कापसाखाली गेला. मागे राहिली बायको बिल्कीस आणि पदरात एक पोर. घर खोलापुरी गेटापाशी. शेठनं लॉजमध्ये गोष्ट काढली, पिशवी फिरली, आणि ज्वारी पोचवायचं काम आलं गयासुद्दीनकडे.

बिल्कीस पडद्याआडूनच म्हणाली, "भीक नको मले."

"भीक नाई ते. त्यायचा आपसातला भाऊपणा आहे, वली त्यायच्या कामावर गेला," गयासुद्दीननं जमेल तसं सांगितलं.

मग ती बोलली, "मोहल्ल्याले कळलं तं दार नाई उघडणार. माहा भाऊ हिवरखेडले आहे. कोणी विचारलं तं त्यानं धाडली म्हणा. अन् घरीही बोलाचं नाई, तुमच्या घरीही."

गयासुद्दीननं अल्लाला साक्ष ठेवून जबान दिली. इतकी वर्षं रोज शपथ मिरवणाऱ्या माणसाची ही पहिली खरी शपथ. शुक्रवारची नमाज झाली की तो ज्वारीचं पोतं पाठीवर टाकून खोलापुरी गेटाकडे जाऊ लागला. पोतं मात्र घरातलंच उचललं. पुरुषाला टाका दिसत नाही.

आणि एका शुक्रवारी आमची आई बांगड्या भरायला त्याच बाजूला गेली.

"बानोबाई," संध्याकाळी ती भिंतीवरून म्हणाली, "तुमच्या घरी जवारी जास्त झाली काय वो?"

"काहून?"

"नाई, गयासभाऊ पोतं घेऊन जाऊन राहिले होते. म्हटलं, इकून राहिले असतीन."

"कोणाच्या घरी गेले?"

"मी काहाले पाहू बाप्पा कोणाच्या घरी," आई म्हणाली, आणि मग घर सांगितलं, दार सांगितलं, दारावरचा पडदा सांगितला, पडद्यामागून आलेला हात सांगितला, आणि हाताचा रंगही सांगितला.

गयासुद्दीन घरी आला तेव्हा ताट वाढलेलं नव्हतं.

"जवारी कोणाले दिली?"

तो दचकला. "शपथ आहे."

"गोरी आहे म्हणतेत."

"शपथ आहे ना, बानो."

"त्या शपथेचे नाक-डोये कसे आहेत?"

गयासुद्दीनला हसू आलं. माणसानं आयुष्यात काही वेळा हसू नये, त्यातली ही वेळ होती. नसीमबानो उठली आणि तिनं ताट उलटं घातलं.

"दुसरा निकाह करून राहिले तं सरळ सांगा. मी अकोल्याले भावाले निरोप धाडते. येईन तो गाडी घेऊन. मंग रहा तुमी अन् तुमची शपथ."

हे नुसतं भांडण नव्हतं. तिचा भाऊ तापट होता. एकदा बहीण गाडीत बसवून नेली की तो परत धाडणारा नव्हता, हे नवरा-बायको दोघांनाही पक्कं ठाऊक होतं. मूलबाळ नसलेलं घर, एक बोचकं बांधलं की मोडलं असतं. आणि गयासुद्दीन बोलला तर तिकडे बिल्कीसचं दार बंद. तो गप्प राहिला. नसीमबानोनं निरोप धाडला.

पण जाण्याआधी तिला ती बाई पाहायची होती. मला विचाराल तर कुठलीही जळकी बाई पाहिल्याशिवाय जात नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं भाता आणि कथलाची पिशवी उचलली आणि खोलापुरी गेटापाशी हाळी देत फिरली, "कलई वो, कलई."

बिल्कीस दारात आली. "आज नाई बाई."

"पाहू तं द्या भांडे. पाहाले काय लागते," असं म्हणत नसीमबानो आत शिरलीसुद्धा.

तांब्याची दोनच पातेली होती. तिनं एक उचलून उजेडाकडे धरलं. आत लाल तांबं उघडं पडलेलं, कलई कधीच उडालेली. कलईवाल्याच्या लेकीचं मन क्षणभर निवलं. ज्या घरात पुरुष चोरून जातो त्या घरातली भांडी अशी नसतात, हे ती बापाच्या हाताखाली शिकली होती. आधी कलई होते, मग बाकीचं. ती उठणारच होती. तेवढ्यात बिल्कीस उजेडात आली आणि डोक्यावरची ओढणी थोडी सरकली. बाई सुंदर होती. आई म्हणायची, सुंदर म्हणजे अशी की पाहणाऱ्या बाईला स्वतःची वेणी चाचपून पाहावीशी वाटे. (आई तेव्हा तिथे नव्हती. पण पुढे पाहिलं तिनं.) नसीमबानोनं नजर फिरवली, तर कोपऱ्यात पोतं. पोत्यावर निळ्या दोऱ्याचा माशाचा काटा.

"हे पोतं कोणाचं वो?"

"भावानं धाडली जवारी. हिवरखेडहून."

"तुह्या भावाच्या घरी माह्या हातचा टाका कसा गेला?"

बिल्कीसचा चेहरा उतरला. नसीमबानोचा आवाज असा होता की खोलापुरी गेटाच्या दोन्ही अंगांना ऐकू जावा, आणि तो गेला. बायका दारादारांत आल्या. "माहा नवरा माह्या घरचं पोतं घेऊन हिच्या घरी येते, अन् ही भावाचं नाव सांगते," नसीमबानो उंबऱ्यावर उभी राहून सांगत होती. कुणीतरी तोंडाला पदर लावून हसलं.

बिल्कीस एक वाक्य बोलली असती तर सुटली असती. पण तेच वाक्य तिनं सगळ्यांपासून लपवलं होतं. तिनं पोतं उचलून उंबऱ्याबाहेर ठेवलं आणि दार लावून घेतलं.

पुढच्या शुक्रवारी गयासुद्दीन गेला, दार उघडलं नाही. विहिरीवर बायका तिला पाहून घागरी बाजूला घेऊ लागल्या. तिच्या धुराड्यातून धूर निघेनासा झाला, हे लोकांनी पाहिलं, आणि त्याचाही वाईटच अर्थ लावला. शेवटी कँपात दोराबजी शेठनं दरवानाला गाठलं.

"गयास, ते बाईला जवारी पोचते ने?"

"दार नाई उघडत ती, शेठ."

"कां?"

गयासुद्दीननं सांगितलं. शेठनं टोपी काढून पुसली आणि परत घातली. "आपला काम असा के डाव्या हाताला पण कळला नाय पाहिजे. अने तुझ्या घरात दवंडी पिटते. ते बाई उपाशी मेली तर तुझी तलवार ठेवून दे अने जा."

तो घरी आला तेव्हा नसीमबानोचं बोचकं बांधलेलं होतं. भाता वर ठेवलेला. भावाची गाडी सकाळी यायची होती. गयासुद्दीन तिच्यासमोर मांडी घालून बसला.

"बानो, सांगतो."

इतके दिवस तिला हेच हवं होतं. आणि त्यानं तोंड उघडताच तिनं झडप घालून आपला तळहात त्याच्या तोंडावर दाबला. तिला तसबीर दिसली, टाचणी दिसली.

"नका सांगू," ती म्हणाली. "करा निकाह. मी जाते अकोल्याले. पण सांगू नका."

गयासुद्दीननं तिचा हात हळूच बाजूला केला. आई म्हणायची, भिंतीपलीकडून तिला तो रडल्यासारखा ऐकू आला. मिशीवाल्या माणसाबद्दल तिनं हे एकदाच सांगितलं.

"तसबीर नाई माही. शपथ नाई. मी दाराबाहेरचा मानूस, मले कोण शपथ देते?"

"मंग तूप?"

"भुललो होतो."

नसीमबानोनं त्याच्याकडे असं पाहिलं की टाचणी परवडली असती. मग त्यानं सगळं सांगितलं. वली, नाला, पिशवी, पडद्याआडची अट. ती ऐकत राहिली. संपल्यावर बोलली ती अशी, "तुमी मेले असते तं मले किती जवारी भेटली असती?"

"बानो."

"विचारून राहिली. तिच्यापेक्षा कमी तं नसती ना दिली?"

हे झालं आणि मग ती रडली. सकाळी भावाची गाडी आली, तिनं त्याला जेवू घातलं, त्याच्या बैलांना सरकी घातली आणि सांगितलं, "जाय. आता नाई येत. पोतं पोचवाचं आहे."

भर दुपारी, सगळ्या बायका दारात असतात तेव्हा, नसीमबानो डोक्यावर ज्वारीचं पोतं घेऊन खोलापुरी गेटात शिरली. पोतं तेच, निळ्या टाक्याचं. आई मागे होती. ती कुठे मागे नसायची? नसीमबानोनं बिल्कीसच्या बंद दारापुढे पोतं उतरवलं आणि हाळी देण्याच्याच आवाजात बोलली, "बायायनो, ऐका. हिच्या भावाची गाडी हिवरखेडहून येते ते आमच्या दारात थांबते. त्याची अन् आमच्या ह्यायची दोस्ती आहे. पोतं फाटलं होतं, मीच शिवलं. जवारी हिच्या भावाची आहे."

"मंग त्या दिवशी काहून बोंबलली वो?" समोरच्या दारातून एकीनं विचारलं.

आईच्या म्हणण्याप्रमाणे इथे नसीमबानोनं डोक्यावरची चुंबळ काढून हातात घेतली. नथ हलकी आहे असं म्हणणं सोपं. आता जे म्हणायचं होतं ते तिनं जन्मात कुणाला म्हटलं नव्हतं.

"हिच्याकडे पाहा," ती म्हणाली, "अन् माह्याकडे पाहा. ही माह्याहून चांगली दिसते. मी जळली. पोतं दिसलं अन् जे तोंडात आलं ते बोलली. माहा स्वभावच तसा आहे. विचारा नागपुरी गेटात कोणालेही."

बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. विश्वास ठेवावा की न ठेवावा, कळेना. आणि आमची आई, जिनं ही आग लावली होती, ती पदर सावरून पुढे आली.

"खरं आहे बाई," आई म्हणाली. "माह्या नथीवर जळली, माह्या शेळीवर जळली. सोताच्या शेळीशी बोलत नवती ही. हिच्या जळण्याले काही अर्थच नसते."

हशा झाला. तो हशा नसीमबानोवर होता आणि तिनं तो उभ्या-उभ्या घेतला. पण बिल्कीसवर रोखलेलं बोट त्याच घटकेला खाली आलं. जी बाई शेळीवर जळते, तिच्या संशयाला कोण भाव देतो? हळूहळू बायका आत गेल्या. समोरचीनं जाता जाता घागर भरून बिल्कीसच्या ओट्यावर आणून ठेवली.

मग दार थोडं उघडलं.

"आपा," आतून आवाज आला, "पोतं आत घ्या. चिमण्या येतीन."

त्या दिवसापासून ज्वारी नसीमबानोच घेऊन जाऊ लागली. एका बाईनं दुसरीच्या घरी जाण्यात बोलायला काही उरत नाही. पहिल्याच खेपेला तिनं ती दोन पातेली पुढ्यात ओढली आणि अशी कलई केली की आपल्या घरच्या भांड्यांना कधी केली नव्हती. मग घरी येऊन त्या पातेल्यांवर जळली आणि आपल्या भांड्यांनाही पुन्हा केली.

पुढे अमेरिकेतली लढाई संपली. कापूस पडला, शेंब्या सोनारांकडे परत गेल्या. लॉजमधल्या साहेबांच्या बदल्या झाल्या, दोराबजी शेठ मुंबईला गेला, जादूघराला कुलूप लागलं. पिशवी फिरायची बंद झाली. ज्वारी मात्र बिल्कीसच्या घरी जातच राहिली. गयासुद्दीनच्या ध्यानात आलं की आपल्या अंगणात भाता पहिल्यापेक्षा जास्त वेळ चालतो आहे.

"जवारी कोण देऊन राहिलं आता?" त्यानं विचारलं.

"लॉज," ती म्हणाली.

"लॉज बंद झालं, बानो. मीच कुलूप लावलं."

"तुमी दाराबाहेरचे. तुमाले काय माईत आत काय होते ते."

त्याला ते लागलं. तलवार घेऊन उभं राहणं त्याचं, पिशवीचं पुण्य साहेबांचं, आणि आता दोन्ही ही बाई घेऊन बसली होती. शुक्रवारी तो तिच्या मागोमाग जाऊ लागला. आत दोघी दार लावून बसत, भांडी घासत, बोलत, आणि मध्येच असं हसत की आमची आई, जिला त्या दाराच्या आत कधी घेतलं नाही, मरेपर्यंत त्या हसण्याचा राग धरून होती. गयासुद्दीन ओट्यावर, बंद दाराबाहेर. हातात तलवार नव्हती एवढंच.

परत येताना तो विचारी, "काय बोलून राहिल्या होत्या इतकं?"

नसीमबानो रिकामं पोतं घडी करून काखेत मारी, त्याच्या पुढे चालू लागे आणि मागे न पाहता म्हणे, "विचारू नका. शपथ आहे."